मोरेश्वररावांनी जागा धरली

"सहा टेबलं, बाबा. सहाच्या सहा हवीत," स्वरदा म्हणाली. "गेल्या वर्षी तळ्याकाठची शेड दुसऱ्यांनी आधी धरली आणि साठ माणसांनी उन्हात उभं राहून मसालेभात खाल्ला. यंदा मंडळाची सेक्रेटरी मी आहे. नाक कापलं जाईल माझं!"

"जागा धरायचं माझ्यावर सोड," मोरेश्वरराव म्हणाले. पुण्यात पाटबंधारे खात्यात केलेली नोकरी हा त्यांचा जोडधंदा होता. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणं हे खरं जीवनकार्य.

ऑकलंडच्या उत्तरेला तासाभरावर ते तळं होतं. काठाला हिरवळ, एक लाकडी धक्का आणि छपराखाली सहा टेबलं. आधी येईल त्याची जागा. २०१४च्या फेब्रुवारीतल्या त्या रविवारी सकाळी सातला जावई वरुण त्यांना तिथे सोडून मंडळींना आणायला परत गेला.

चादरी द्यायला त्यांच्या पत्नीने, वसुंधराबाईंनी, साफ नकार दिला होता. "माझ्या चादरींवर बदकं बसायला नकोत." मग वरुणचे जुने कपडे आले. एका टेबलावर टॉवेल, दुसऱ्यावर शर्ट, मग हाफ पँट, बनियन, टोपी आणि शेवटच्यावर जँडल्स, म्हणजे तिकडच्या स्लिपरा. झाली जागा. मोरेश्वरराव निश्चिंत मनाने तळ्याला फेरी मारायला निघाले.

मग वारा सुटला. कपडे हिरवळीवर उडाले. पळायला आलेल्या एका सज्जन मुलीला वाटलं, मालक पोहतोय. तिने सगळं गोळा करून, नीट घडी घालून, जँडल्ससकट धक्क्यावर ठेवलं आणि ती पुढे पळाली. पाठोपाठ तळ्याची निगा राखणारी पंचवीस-तीस म्हातारी मंडळी आली, रिकाम्या टेबलांवर थर्मास मांडून बसली, आणि त्यांना धक्क्यावरचे कपडे दिसले. पाण्यात मात्र कोणी दिसेना.

मोरेश्वरराव निम्मी फेरी मारून वळले, तर काठाने माणसंच माणसं, हातात काठ्या, लव्हाळ्यात ढोसताहेत. गमबूट घातलेल्या पंचाहत्तरीच्या शर्लीबाई पुढे आल्या.

"किया ओरा!" त्यांनी तिकडचा रामराम घातला. "तुम्हीही मदतीला? देव भलं करो!" त्यांनी काठी हातात दिली. "कोणीतरी बिचारा बुडालाय."

"अरेरे!" म्हणून मोरेश्वररावही मनापासून ढोसू लागले.

शोधता शोधता बाई बोलत होत्या. "मुळात हा ओढा. वाऱ्याने वाळू लोटली, ओढा अडला, तळं झालं."

"निविदा न काढता धरण?" मोरेश्वररावांनी आदराने पाण्याकडे पाहिलं.

"मग लाकडाची गिरणी आली. मग गाई आल्या, त्यांनी काठ तुडवून चिखल केला. पाणी हिरवंगार, वास यायचा. बत्तीस वर्षांपूर्वी आम्ही बाराजणांनी पहिली रोपं लावली. ते मानुकाचं झाड माझ्या नवऱ्याचं. तो गेला, झाड आहे."

मोरेश्वरराव थोडा वेळ झाडापाशी थांबले. मग त्यांना आठवलं. "बुडालेला कोण, काही कळलं?"

"वयस्कर असावा. आजकाल बनियन कोण घालतं? आणि एका जँडलच्या पट्ट्याला सेफ्टी पिन लावलीय."

ती पिन वसुंधराबाईंनी कालच स्वतःच्या बांगडीतून काढून लावली होती.

"शेडमध्ये आता कोण आहे?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

"कोणी नाही. सगळे इथेच."

क्षणभर, अगदी क्षणभरच, त्यांच्यातला एसटीचा प्रवासी हर्षभरित झाला. पण समोर त्यांच्याच वयाचा एक माणूस छातीभर पाण्यात उभा राहून, थंडीने कुडकुडत, पायाने तळ चाचपत होता. कोणासाठी? मोरेश्वररावांनी काठी खाली ठेवली.

"बाहेर या हो," ते म्हणाले. "तो मीच आहे."

त्यांनी सगळं सांगितलं. रुमालापासून. कोणी रागावलं नाही, हेच फार जड गेलं. शर्लीबाईंनी त्यांना मिठी मारली. पाण्यातल्या गृहस्थाने ओला हात पुढे केला. "सापडलास ना? स्वीट ॲज!" म्हणजे, झकास. शोधासाठी बोलावलेल्या रेंजरने नाव, वय विचारून कागद भरला.

"याची एक प्रत मिळेल?" मोरेश्वररावांनी विचारलं. नोव्हेंबरचा हयातीचा दाखला राहून गेल्यापासून पेन्शनच्या कार्यालयाने त्यांना जिवंत मानणं बंद केलं होतं.

अकरा वाजता गाड्या आल्या, तेव्हा म्हातारी मंडळी थर्मास आवरून हिरवळीवर उन्हात अंग वाळवत होती. "मानलं बाबा!" स्वरदा ओरडली. "सहाच्या सहा मोकळी! कसं जमवलंत?"

"बुडालो," मोरेश्वरराव म्हणाले, आणि तिलाही सगळं सांगितलं.

स्वरदाने कपाळाला हात लावला. वसुंधराबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, ओल्या माणसांकडे पाहिलं आणि पातेल्यात डाव घातला. "आधी त्यांना वाढा. टेबलं त्यांची आहेत." त्या दिवशी साठ माणसांनी पुन्हा उन्हात उभं राहून मसालेभात खाल्ला. यंदा मात्र कुरकुर झाली नाही.

"पुढच्या वर्षी बुडू नका," निघताना शर्लीबाई म्हणाल्या. "नुसता फोन करा."

एप्रिलमध्ये पुण्याला परतल्यावर मोरेश्वररावांनी तो कागद पेन्शनच्या कार्यालयात नेला. 'जिवंत सापडला. प्रकृती उत्तम. शोधणारे: अठ्ठावीस.' बाबूने तो उलटसुलट पाहून परत सरकवला.

"शिक्का नाही. चालणार नाही."

"नको चालू दे," मोरेश्वरराव म्हणाले, आणि कागद जपून घडी घालून पुन्हा पाकिटात ठेवला. तो त्यांना द्यायचा नव्हताच, नुसता दाखवायचा होता.