लसणाच्या वासाचा रुपया

डॉक्टर गजभियेंनी मला फसवलं. दिवसाढवळ्या, चारचौघांत, स्टुटगार्टच्या नाण्यांच्या बाजारात, माझ्या आईच्या रुपयावरून फसवलं. एवढं आधी सांगून ठेवतो. माणूस कसा आहे ते मग सांगतो.

गजभिये वास घेतात. चांदीचं जुनं नाणं हातात दिलं तर दुसरा माणूस आधी साल वाचतो, हे नाकाला लावतात. मग दिव्याखाली सावकाश कलतं करतात आणि निकाल देतात. ‘नैसर्गिक’ नाहीतर ‘कृत्रिम’, तिसरा शब्द नाही. पडून राहिलेल्या चांदीवर वर्षानुवर्षांनी सोनेरी, जांभळा, निळा असा रंग चढतो आणि त्यावर शौकीन लोक जीव टाकतात. म्हणून लबाड लोक तोच रंग एका दुपारी चढवतात. कोणी नाणं ओव्हनमध्ये भाजतो, कोणी उकडलेल्या अंड्याच्या बलकाशेजारी कोंडून ठेवतो. गजभिये तो चोर बरोबर पकडतात.

"आल्झो, रंगाला घाई नसते, माने. घाई माणसाला असते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य, सुरुवातीच्या त्या जर्मन ‘तर मग’सकट. "खऱ्या रंगात एकातून दुसरा उगवतो. खोट्यात सगळे एकदम पंगतीला बसतात."

नाणं नैसर्गिक निघालं की ते स्वतः घड्या घातलेल्या पांढऱ्या कागदात गुंडाळून परत देतात. चांदीवर रंग चढवतं ते गंधक. अंड्यात, लसणात असतं, त्या कागदात नसतं म्हणे. कृत्रिम निघालं तर टेबलावर उघडं ठेवतात आणि रुमालाला बोटं पुसतात. हे लक्षात ठेवा.

त्यांची नोकरी मात्र उलटी. ते रसायनशास्त्रातले डॉक्टर. गाड्यांच्या भागांचा रंग बदलू नये म्हणून प्रयोगशाळेत दिवसभर झटायचं, आणि संध्याकाळी घरी येऊन रंग बदललेल्या वस्तूंवर प्रेम करायचं.

ते आमच्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर एकटे राहतात. मूळचे नागपूरचे. तळमजल्यावर माझं किराणा दुकान. मी कराडकडचा. आईचा कांदा-लसूण मसाला दारोदार विकत वाढलो, आणि भाव करण्यात मला ह्या शहरात अजून कोणी हरवलेलं नाही. गजभिये भावच करत नाहीत. ते गिऱ्हाइकांसमोर केळ्यांचा घड उलटा करतात. "कृत्रिम पिकवलीत, माने. देठ बघा, अजून हिरवं आहे."

एकदा माझा मेहुणा पुण्याहून आला होता. वय साठीला टेकलेलं, केस काळेभोर. त्या दिवशी गजभिये आमच्याकडेच जेवायला होते. वरण वाढून घेता घेता त्यांनी त्याच्या कानामागे नजर टाकली.

"कृत्रिम. मुळाशी पोचलेला नाही."

मेहुण्याने भातावरून हात काढला. मी म्हटलं, "डॉक्टर, जरा गप्प बसला असता तर?"

"चूक सांगितलं का?"

चूक सांगितलं नव्हतं, हाच तर त्रास. ह्या माणसाला खोटं बोलता येत नाही, अशी माझी खात्री होती. त्या खात्रीवर मी बाजारात गेलो.

दुकानातला मोठा फ्रीज मरायला टेकला होता. पनीर आंबत होतं, गिऱ्हाइकं नाक मुरडत होती. नवा घेतला नाही तर उन्हाळ्यात दुकान बसणार, हे दिसत होतं. माझ्याकडे विकण्यासारखी एकच वस्तू होती. आई गेल्यावर वाटणीत भावांनी जमीन घेतली आणि मला तिचा राणीछाप रुपया दिला. तेव्हा मी भांडलो होतो, आणि विषय निघाला तर आजही भांडेन. पण त्या रुपयावर असा रंग होता की बघणाऱ्याचा हात आपोआप दिव्याकडे जायचा. कडेला सोनं, आत जांभळं, मध्ये मोरपिशी.

बाजारात लिंडनर नावाचे एक म्हातारे गृहस्थ भेटले. राणीछाप जमवणारे. त्यांनी नाणं भिंगाखाली धरलं आणि आवंढा गिळला. मी गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत नाही, गळ्याकडे बघतो. भाव चढवला, त्यांनी मानला.

"फक्त डॉक्टर गजभियेंना हो म्हणू द्या," ते म्हणाले.

मला हसू आलं. डॉक्टर पलीकडच्याच टेबलावर होते. घरचाच माणूस.

गजभियेंनी वास घेतला. थांबले. पुन्हा घेतला. दोनदा वास घेताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"लसूण," ते मराठीत म्हणाले. "कुठं ठेवायच्या आई हा?"

"मसाल्याच्या फडताळात, चिंधीत बांधून. चोराला इतक्या ठसक्यात हात घालवणार नाही, म्हणायची."

"म्हणजे रंग चढावा म्हणून नाही."

"तिला कसला रंग, डॉक्टर. लपवायचा होता. बोला ना लवकर."

"विकलाच पाहिजे?"

"फ्रीज बंद पडतोय माझा."

ते दिव्याखाली नाणं फिरवत राहिले. लिंडनरांचा हात कोटाच्या आतल्या खिशात गेलेला होता. मी त्या हाताकडे बघत होतो.

"क्युन्स्टलिश," गजभिये म्हणाले. कृत्रिम.

लिंडनरांचा हात रिकामा बाहेर आला. "शाडं," वाईट वाटलं, एवढंच म्हणून ते निघून गेले. मी त्यांच्या पाठीकडे बघत होतो, तेवढ्यात गजभियेंनी माझ्याकडे न बघता नाणं माझ्या कोटाच्या खिशात सरकवलं.

परतताना एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, ते माझ्यासमोर बसले. मी दबक्या आवाजात बोलत राहिलो. तुम्हाला माझं बरं बघवत नाही. शिकलेल्या माणसाला दुकानदार वर आलेला खपत नाही. गजभिये खिडकीबाहेर बघत होते. मध्येच भान नसल्यासारखे म्हणाले, "गेनाऊ." म्हणजे अगदी बरोबर. आणखी एक स्टेशन जास्त लागलं असतं तर मी हात उचलला असता.

घरी येऊन खिसा रिकामा केला. रुपया पांढऱ्या कागदात होता. घड्या नीट घातलेल्या.

चौथा मजला मी कधी चढलो ते कळलं नाही.

"खोटं बोललात."

"हो," ते दारातच म्हणाले.

मी भांडायला आलो होतो. सरळ हो म्हणणाऱ्याशी कसं भांडायचं?

ते मला स्वयंपाकघराच्या खिडकीशी घेऊन गेले. खिडकीत जुन्या लुगड्याच्या तुकड्यावर एक रुपया होता. पांढराफटक, स्टीलच्या चमच्यासारखा.

"माझ्या आईचा," ते म्हणाले. "पदराच्या गाठीत असायचा. काळानिळा पडलेला. मी एमएस्सीला होतो. प्रयोगशाळेतल्या द्रावणात बुडवला, चकचकीत करून तिच्या हातावर ठेवला. वाटलं, खूश होईल. म्हणाली, हा माहा नाही. मी बदलून आणला असं वाटलं तिला. शेवटच्या आजारपणातही विचारायची, बाबू, माहा रुपया कुठं हाय?"

मी म्हटलं, "तुम्हाला तर सगळ्या युक्त्या माहीत आहेत. एका दुपारीत रंग चढेल."

"पाच मिनिटांत."

"मग?"

त्यांनी रुपया उजेडाकडे कलता केला. एका कडेला, बघणाऱ्यालाच दिसेल इतकी, हळदीच्या पाण्यासारखी पिवळी रेघ होती.

"नैसर्गिक," ते म्हणाले. वास न घेता.

मग त्यांनी फोन काढला. "लिंडनरांना खरं सांगतो. तुम्ही म्हणा, आत्ता लावतो."

मी हो म्हणणार होतो. तोंड उघडलंही होतं.

तर आता परिस्थिती अशी. फ्रीज तसाच घरघरतो. पनीर ठेवणं बंद केलं आहे. लिंडनर दोनदा दुकानासमोरून गेले, मी हाक मारली नाही. रुपया गल्ल्याच्या कप्प्यात असतो आणि दुकान उघडलं की मी तो आधी नाकाला लावतो. उभ्या आयुष्यात मला एकच गोष्ट येत होती, विकणं. ती ह्या माणसाने एका शब्दात मोडली. ह्याला जबाबदार कोण? डॉक्टर, खाली या आणि माझ्यासमोर उभं राहून उत्तर द्या. आणि येताना तो पांढरा कागद आणा. आधीचा उघडून उघडून फाटला आहे.