कधीही न हरलेला वेंडेल

माणूस जितका कमी खेळतो तितका तो थोर खेळाडू ठरतो, हे क्रीडाशास्त्रातलं निर्विवाद सत्य आहे. (शंका असल्यास हरणाऱ्या संघाच्या प्रेक्षकांना विचारावं.)

नेब्रास्कातल्या आमच्या गावचा वेंडेल क्रेट्झर हा माजी व्यावसायिक क्वार्टरबॅक, म्हणजे अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू फेकून संघ चालवणारा मुख्य गडी. हुद्दा: राखीव. नऊ हंगाम तो बाकावर बसला. संघ हरायला लागला की अख्खं स्टेडियम "वेंडेलला आणा!" म्हणून बोंबलायचं. आणायचे ते सामना खिशात आल्यावर, चेंडू घेऊन गुडघा टेकायला, म्हणजे उरलेली वेळ सुखरूप सरते. हे राष्ट्रकार्य त्याने निष्कलंक पार पाडलं. चुकलेल्या फेकी: शून्य. (एकूण फेकीही शून्य, पण आकडेवारीत फार खोल शिरू नये.)

कृतज्ञ गावाने त्याचा पुतळा करवला, अर्थातच गुडघा टेकलेला. अनावरणाआधी जुन्या खेळाडूंचा सामना ठरला आणि वेंडेलच्या मनाने उचल खाल्ली: एकदा तरी फेकायचंच.

पुतळा समितीचा अध्यक्ष नॉर्बर्ट धावत वेंडेलच्या घरी आला. वेंडेलच्या बायकोने, डार्लीनवहिनींनी, चिली (म्हणजे राजमा-खिम्याचं तिखट कालवण) आणि दालचिनीचा गोड रोल पुढे ठेवला, पण त्याने ताट बाजूला सारलं.

"अरे बाबा, चेंडू पडला तर? गावाची अब्रू जाईल!"

"आणि झेलला गेला तर?" वेंडेलने विचारलं.

"ते तर त्याहून वाईट! लोक विचारतील, मग इतकी वर्षं काय झोपला होतास?"

"फेक रे मेल्या एकदाचा!" डार्लीन कडाडली. "जन्मभर ऐकतेय, संधी मिळाली असती तर, संधी मिळाली असती तर! कान किटले माझे."

शनिवारी सामन्यात चेंडू वेंडेलच्या हातात आला. समोर गावचा गुरांचा डॉक्टर मोकळा धावत होता, "टाक, वेंडेल, टाक!" म्हणून ओरडत होता. वेंडेलचा हात वर गेला. डार्लीन उठून उभी राहिली. बाकी गाव मात्र श्वास रोखून बसलं. नऊ हंगामांची सवय ती, गुडघा आपसूक खाली गेला.

काय तो जल्लोष! नॉर्बर्ट तर ढसाढसा रडला. वेंडेलही रडला, पण ते आनंदाश्रू असल्याचं समितीने एकमताने ठरवलं. डार्लीन एकटीच गाडीकडे निघाली.

हसताय? हसा. तुम्हीही मनावर घेतलं असतं तर काय काय केलं असतं, हे घरच्यांना तोंडपाठ आहेच. अभिनंदन, तुम्हीही अजून हरलेले नाहीत. मापं तेवढी पाठवून द्या. शिल्पकार मोकळाच आहे.