रांगेबाहेरची शलाका

एका जंगलात, बाळांनो, पाणवठ्यावर कुणी रांग लावत नसे, पण छात्रपथक मात्र निघालं होतं. वयात येऊ लागलेल्या पिल्लांचा व्यक्तिमत्त्व विकास व्हावा, असं सगळ्या आयांना वाटे. म्हणजे नेमकं काय व्हावं, हे विचारायचं राहूनच गेलं.

पथकाचे उस्ताद होते धवलराव बगळे. न हलता उभं राहण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. तेच ते शिकवत.

शलाका साळिंदरला पथकाचं फार वेड. गाठी मारण्यात ती पहिली, जखम बांधण्यात पहिली. अडचण एकच होती. उस्तादांनी "सावधान" म्हटलं की सगळे ताठ होत, तशी तीही होई. पण तिचे काटेही ताठ होत, आणि डावी-उजवीकडची पिल्लं कळवळत.

"तुझ्या शेजारी उभं राहायचं तर आधी धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला हवं," रांगेचा नायक रंगनाथ वानर म्हणाला.

उस्तादांनी तिला रांगेबाहेर काढलं आणि रस्सीखेचीचा दोर सांभाळायला दिला. वार्षिक पाहणीच्या दिवशी सगळं सुरळीत पार पडलं तर पुढच्या वर्षी बघू, म्हणाले.

घरी आईने, अनसूयाबाईंनी, लेकीला रांगेत जागा मिळेपर्यंत रताळं सोडलं. साळिंदराने रताळं सोडायचं म्हणजे काय, ते तुम्ही आईला विचारा.

पाहणीला वनप्रमुख जांबुवंतराव अस्वल आले. त्यांच्यासाठी नदीकाठच्या सावलीत पानाफुलांचं सुंदर आसन केलं होतं. खाली चिखल होता, पण सजावट समितीचं काम वरच्या बाजूचं.

उस्तादांनी "सावधान" म्हटलं आणि सवयीने स्वतःही एका पायावर उभे राहिले, डोळे मिटून.

जांबुवंतराव बसले आणि हळूहळू खाली जाऊ लागले. कमरेपर्यंत गेल्यावर त्यांनी मदतीसाठी पंजा वर केला.

पाहुण्यांनी पंजा वर केला की काय करायचं, हे महिनाभर घोटून घेतलेलं होतं. बारा पिल्लांनी झोकात सलामी दिली आणि हात पुन्हा खाली घेतले. वनप्रमुखांनी दोन्ही पंजे वर केले. पुन्हा सलामी झाली, आधीपेक्षा सुबक.

शलाका मात्र धावली. दोराचा फास तिने जांबुवंतरावांच्या काखेत अडकवला. दुसरं टोक घेऊन ती रांगेपाशी आली आणि एकेकाच्या मुठीत दोर देत गेली. मुठी घट्ट मिटायचा नियम होता, त्यामुळे तो छान बसला.

"ओढा," ती म्हणाली.

"हुकूम नाही," रंगनाथ ओठ न हलवता म्हणाला.

तिने उस्तादांना हाका मारल्या. ते विश्रामाच्याही पलीकडे गेले होते. चिखल वनप्रमुखांच्या छातीला लागला.

शलाकाला आईचं रताळं आठवलं. आज कुणाला टोचलं, तर रांगेतली जागा जन्मात मिळणार नव्हती. तिने देवाचं नाव घेतलं आणि रांगेकडे पाठ केली. साळिंदर शत्रूवर चालून जाते ती पाठीनेच, काटे उभारून.

"सावधान," ती स्वतःशीच म्हणाली आणि मागे मागे सरकू लागली.

बाराही जणांचा पाय कसा मागे पडला म्हणता. मुठी मात्र कुणी सोडल्या नाहीत, तसा हुकूमच नव्हता. रांग मागे हटत गेली, दोर ताणला आणि जांबुवंतराव बाटलीच्या बुचासारखे बाहेर आले.

त्या आवाजाने उस्तादांनी डोळे उघडले.

चिखल पुसत वनप्रमुखांनी भाषण केलं. "मी बुडत असताना एकही छात्र जागचा हलला नाही. अशी शिस्त मी पाहिली नव्हती." पथकाला शिस्तीचा चषक मिळाला. रांग मागे गेली म्हणून दोन गुण कापले.

मग त्यांनी उस्तादांना जवळ बोलावून कानात काहीतरी सांगितलं. तेव्हापासून त्या जंगलात रांगेच्या पुढे, पाठ करून, एक साळिंदर उभी असते. नियमावलीत तिला सजावट म्हटलं आहे.

शलाका घरी आली तेव्हा अनसूयाबाईंनी तिला रांगेत जागा मिळाली का, एवढंच विचारलं.

"रांगेत नाही गं, आई. रांगेच्या पुढे."

अनसूयाबाईंनी देवापुढे हात जोडले, क्षणभर विचार केला आणि रताळी उकडायला ठेवली.

तात्पर्य : मुलांनो, हुकमाशिवाय कधीही हलू नये. हलावंच लागलं, तर कुणीतरी टोचलं म्हणून हलावं. म्हणजे पाहुणेही वाचतात आणि चषकही आपल्यालाच मिळतो.