दर्याबाईंच्या खांडा-लग्नाची हकीकत

ज्याने माणसास एकच तोंड देऊन पाठविले त्या नारायणास नमन, आणि ज्यांनी त्यावर दुसरे चढविले त्यांची ही हकीकत. शके सोळाशे चाळीस, विलंबी नाम संवत्सरे, वैशाख मासी ऐसे वर्तमान जाहले की, एक राज्य होते, आणि त्या राज्यात सोंगाचा फार सुकाळ होता. राजे गोसावी होऊन प्रजेची खबर घेत, आणि प्रजा गोसाव्यास पाहून राजाची स्तुती करी, आणि मग राजे संतोषाने माघारी येत. कोणास काही कळत नसे आणि सर्वांस सर्व ठाऊक असे. सोंग घेतल्यावर मुदतीपूर्वी स्वमुखे नाव सांगणे ही राजघराण्यात मोठी नामुष्की मानीत.

त्या राज्याचे युवराज रणधवलराव यांची सोयरीक डोंगराकडील देशमुखांची कन्या दर्याबाई यांजशी ठरली. युवराज मोहिमेत गुंतले म्हणोन खांडा-लग्न लावावे ऐसे ठरले. म्हणजे नवऱ्याऐवजी त्याची तलवार पाटावर ठेवावी, आणि तिजवर अक्षता पडाव्या, आणि तलवार ज्याची तो नवरा. मोहीम कोठेच नव्हती. युवराजांस गुपचूप वधू पाहावयाची होती. मग त्यांनी आपला हुजऱ्या खेत्रोजी यास सरदार केले, आणि आपली रत्नजडित तलवार त्याचे हाती दिली, आणि आपण हुजऱ्याचा वेश करून खेत्रोजीची साधी तलवार कमरेस बांधून मागोमाग चालिले.

इकडे दर्याबाईंस कोणी काही विचारिले नव्हते. नवरा कैसा हे तरी कळावे म्हणोन त्यांनी दासीचे लुगडे नेसले, आणि घागर घेऊन पाहुण्यांच्या तळावर गेल्या. युवराज झाडाखाली पहुडले होते.

"दादा, तुमचे युवराज कसे हो?" बाईंनी विचारिले.

"सूर्य पाहिलास कधी?" युवराज म्हणाले. "तसे. आणि उभी काय राहिलीस, पोरी? पाय दुखताहेत, जरा चेप."

"माझी घागर भरायची आहे," म्हणोन बाई पुढे गेल्या. तो सरदाराचा पोशाख केलेला खेत्रोजी स्वहस्ते घोड्यास पाणी पाजीत होता.

"सरदार, हे काम तुम्ही करता?"

"मोतद्दार जेवायला बसलाय, बाई. घोड्याला काय ठाऊक मी कोण ते?"

"युवराजांचं विचारायचं होतं. माझ्या बाईसाहेबांसाठी."

खेत्रोजीने अंमळ विचार केला. "मनाने वाईट नाहीत. हात उगारत नाहीत. पण तुमच्या बाईसाहेब बोलतील आणि ते आरशात बघतील."

"आणि तुम्ही?"

"मी ऐकतो. पगार त्याचाच मिळतो." मग हळूच म्हणाला, "बाईसाहेबांना सांगा, अंगाला हळद असताना पाणी भरू नये. उतरते."

बाईंनी हळदीचे हात पदराखाली घेतले, आणि पुष्कळ दिवसांनी हसल्या.

पुढे देशमुखांस हेराने कळविले की, हुजऱ्याच्या वेशात खुद्द युवराज आहेत. खबर खरी होती, अनर्थ त्यानेच जाहला. देशमुखांनी ऐसा तर्क केला की, हुजऱ्या जर युवराज, तर सरदार खोटा, आणि त्याचे हातची रत्नजडित तलवारही खोटी, आणि खरी ती युवराजांच्या कमरेची. मग मुहूर्तावर त्यांनी हात जोडून ती साधी तलवार मागून घेतली आणि पाटावर ठेविली. युवराज लाल जाहले, परंतु सोंगाची मुदत अक्षता पडेपर्यंत होती, त्यापूर्वी नाव सांगावे तर नामुष्की, म्हणोन उगे राहिले.

खेत्रोजी पुढे येऊन म्हणाला, "देशमुख, ती नव्हे."

देशमुखांनी डोळा मारिला. "समजलं हो. तुम्ही तुमचं सोंग चालू द्या."

अंतरपाटाआडून दर्याबाईंनी हळूच विचारिले, "कोणाची ही?"

"माझ्या आजाची," खेत्रोजी म्हणाला. "बाईसाहेब, मी हुजऱ्या आहे. घर दोन खणांचं. आता हाक मारलीत तर सगळं थांबेल."

भट मंगलाष्टके म्हणत होते. बाईंनी एकवार तळावर झाडाखाली भेटलेल्या त्या गृहस्थाकडे पाहिले. ते फेटा नीट करीत होते. मग बाईंनी मान लवविली, आणि अक्षता पडल्या.

त्यानंतर युवराजांनी नाव सांगितले, आणि गिल्ला जाहला, आणि देशमुख मटकन बसले, आणि शास्त्रीबोवांस पुसले. बोवा दमले होते. म्हणाले, "तलवार ज्याची तो नवरा. फसवणूक जाहली ऐसे मुलगी म्हणेल तर मोडता येईल."

सर्व दर्याबाईंकडे वळले.

"मला कोणी फसवलं नाही, आबासाहेब," बाई म्हणाल्या. "मी विचारून घेतलं होतं."

देशमुख म्हणाले, "अगं, दोन खणांत राहशील कशी?"

"दाटीवाटीनं," बाई म्हणाल्या, आणि पाटावरील तलवार उचलून खेत्रोजीच्या हाती दिली.

युवराज आपली रत्नजडित तलवार घेऊन परतले, आणि पुढील वर्षी अन्यत्र त्यांचे रीतसर लग्न जाहले. खेत्रोजीने चाकरी सोडिली. देशमुख वर्षभर लेकीशी बोलले नाहीत, मग बोलू लागले. राज्यात सोंगे पूर्ववत चालू राहिली.

एवंच हकीकत. कोणी शहाणे जाहले ऐसे लिहिण्यास आधार नाही. एका मुलीस विचारावयाचे राहिले होते, ते तिने आपले आपण विचारून घेतले, इतुकेच नमूद केले आहे.