टिपणिसांचा ऑक्टोबर

शारजातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये कोणी खिडकी उघडली, तर ती बातमी व्हायची. एप्रिलमध्ये खिडक्या बंद होत, फटींना चिकटपट्ट्या लागत आणि पुढचे कित्येक महिने बाहेरचं जग आम्ही काचेतून बघत असू. त्यामुळे ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी टिपणिसांनी एसी बंद करून हॉलची खिडकी सताड उघडली, तेव्हा आमचा नातूर, म्हणजे बिल्डिंगचा वॉचमन, धापा टाकत वर आला.

“एसी खराब है क्या, साब? मेकॅनिक को बुलाता हूँ.”

“खराब नहीं, बंद किया है,” टिपणीस म्हणाले. “सीझन चालू!”

अंगात लाल-काळ्या चौकड्यांचा जाडजूड फ्लॅनेलचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, आणि कपाळावरून घामाच्या धारा. बाहेर छत्तीस डिग्री होतं. माझ्याकडे वळून ते म्हणाले, “वहिनी, हवा पालटली. कळतंय ना?”

मला काही कळलं नाही. समोरच्या गॅरेजमधला धुराचा वास तेवढा कळला.

टिपणीस आमचे समोरच्या फ्लॅटमधले शेजारी. एका कॅनेडियन कन्सल्टन्सीत डॉक्युमेंट कंट्रोलर. इंजिनिअरांनी काढलेली ड्रॉइंग्ज कुठे आहेत हे त्यांना ठाऊक असे आणि इंजिनिअरांना कधीच ठाऊक नसे, असं ते स्वतःच सांगत. पंधरा-सोळा वर्षं अमिरातीत काढली ती फ्लॅटच्या एसीतून गाडीच्या एसीत आणि गाडीच्या एसीतून ऑफिसच्या एसीत. एकदा आम्ही त्यांना बळेबळे समुद्रावर नेलं, तर बूट-मोजे घालून आले, गाडीतच बसून राहिले आणि काच न उघडता म्हणाले, “छान आहे समुद्र.” असा माणूस एकदम खिडकीत उभा राहून हवा पालटल्याचं सांगायला लागला, तर शेजाऱ्यांनी काय समजायचं?

त्यांच्या ऑफिसातली कॅनेडियन मंडळी मात्र खरोखरच वेगळी होती. ऑक्टोबर उजाडला की दर गुरुवारी दुपारी तंबू, घडीच्या खुर्च्या, बर्फाची पेटी जीपमध्ये टाकून निघायची, ती शुक्रवारी संध्याकाळी लालबुंद होऊन परतायची. टिपणीस तोवर त्यांना ‘बिनकामाचे लोक’ म्हणत. त्या वर्षी त्यांनी अचानक त्यांचीच दीक्षा घेतली. बोलायला सुरुवात झाली की पहिलं वाक्य ठरलेलं. “कॅनेडियन माणूस घरात बसत नाही, वहिनी.”

“पण टिपणीस बसतात ना,” मी म्हणे.

“बसायचे,” ते म्हणत. “भूतकाळ.”

त्यांचे साहेब म्हणजे ग्लेन. त्यांनी टिपणिसांना सांगितलं, की थंडीत एकच जाड कपडा घालायचा नसतो, एकावर एक थर चढवायचे आणि गरजेप्रमाणे उतरवायचे. झालं! पुढच्या शुक्रवारी आम्ही दोन्ही कुटुंबं उम्म अल कुवैनच्या खाडीवर गेलो, तेव्हा टिपणीस बनियन, शर्ट, स्वेटर आणि त्यावर जॅकेट घालून गाडीतून उतरले. “लेअर, वहिनी, लेअर!” असं म्हणत त्यांनी जॅकेट काढलं. मग जरा थांबून स्वेटर. मग चेहरा अगदी शास्त्रीय ठेवून शर्ट. शेवटी बनियनवर उभे राहून त्यांनी जाहीर केलं, “सिस्टिम काम करते.” त्यांच्या पत्नी शैलाताई वाळूकडे बघत म्हणाल्या, “पुढचा लेअर घरी गेल्यावर.”

त्यांचं हायकिंग तर शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात गाजलं. डोंगर लांब, आणि एकट्याने जायची हिंमत नाही, म्हणून शुक्रवारी सकाळी बंद गॅरेजांच्या रस्त्यांवरून पाठीला पाण्याच्या बाटल्यांची पिशवी लावून ते चालायचे. आता शारजात, आणि तेही इंडस्ट्रियल एरियात, चांगल्या कपड्यातला माणूस पायी चालतोय म्हणजे त्याची गाडी बंद पडली, एवढाच त्याचा अर्थ. दर थोड्या वेळाने एखादा पठाण ड्रायव्हर ट्रक थांबवायचा. “आओ चाचा, बैठो. गाडी किधर है?” टिपणीस सांगायचे, “हायकिंग.” त्याला वाटायचं हे गाडीच्या एखाद्या पार्टचं नाव. एकाने तर त्यांना हाताला धरून केबिनमध्ये बसवलं, चहा पाजला आणि थेट बिल्डिंगच्या दारात आणून सोडलं. टिपणिसांना नाही म्हणता आलं नाही. “भला माणूस हो,” ते मला म्हणाले, “पण माझी ट्रेल राहिली.”

मी हसायची. खरं तर पोट धरून हसायची. पन्नाशीत नव्याची नवलाई दुसरं काय, असं घरी यांना सांगायची.

एका संध्याकाळी भाजी घेऊन परतत होते. बिल्डिंगच्या कोपऱ्यावर कार्डफोन, म्हणजे कार्ड घालून बोलायचा सार्वजनिक फोन होता. तिथे टिपणीस मोठमोठ्याने बोलत होते. “मोठं लाकूड आधी नाही ठेवायचं रे. आधी सुक्या काटक्या. त्या नीट पेटल्या की मग बोटाएवढी, मग मनगटाएवढी. मी काल लावली ना! वांगं भाजलं त्यावर. एकदम ईझी... नाही, भीती कसली? तू फक्त जा तर खरा.”

समोरून काय उत्तर आलं कोणास ठाऊक. टिपणीस हळूच म्हणाले, “बरं. असाइनमेंट असेल तर राहू दे,” आणि त्यांनी फोन ठेवला.

ओंकार, त्यांचा एकुलता एक मुलगा, ऑगस्टमध्ये कॅनडाला शिकायला गेला होता. हे मला माहीत होतंच. जे माहीत नव्हतं ते शैलाताईंनी त्या रात्री पोळ्या लाटता लाटता सांगितलं. पोरगं वर्गातून खोलीत आणि खोलीतून वर्गात, एवढंच करत होतं. बाकीची मुलं शनिवार-रविवार कुठे तळ्यावर, कुठे जंगलात चालायला जात. सुरुवातीला ह्यालाही बोलवत. हा म्हणे, आय हॅव वर्क. आता बोलवेनासे झाले होते. फोन केव्हाही करा, पहिल्या घंटीला उचलायचा.

“त्याचं काय चुकलं हो?” शैलाताई म्हणाल्या. “स्कूलबस, ट्यूशन, मॉल आणि घर. चिखलात कधी पाय घातला नाही त्याने. यांना म्हटलं, त्याला समजवा. तर म्हणाले, मला स्वतःला कुठे काय येतं? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?”

म्हणून हा माणूस बाहेर पडत होता. आधी स्वतः शिकायचं आणि मग फोनवरून मुलाला शिकवायचं. त्या दिवसापासून माझं हसू जरा कमी झालं. बंद झालं असं म्हणत नाही. टिपणिसांकडे बघून हसू न येणं अवघड होतं.

पण खरी गंमत, आणि खरा घोळ, पुढेच आहे. ऑक्टोबराच्या शेवटाकडे टिपणिसांनी ग्लेनसाहेबांनाच उम्म अल कुवैनला बोलावलं. माणूस मोठा, साधा आणि मोकळा. त्याने टिपणिसांचा तंबू न बोलता पुन्हा उभा केला, शैलाताईंचं भरीत तीनदा घेतलं आणि खुर्चीत रेलून खाडीकडे बघत बसला. टिपणीस खुशीत येऊन त्याला इंग्रजीत सांगू लागले, की माझ्या मुलालाही मी हळूहळू तयार करतोय. त्याला म्हटलंय, घाई नको. आत्ता तर सुरुवात आहे. नोव्हेंबरात हवा आणखी छान होईल, डिसेंबर-जानेवारी तर बेस्ट. तेव्हा बाहेर पड.

ग्लेनने ग्लास खाली ठेवला. “जानेवारीत?” तो म्हणाला. “जानेवारीत त्याला दार उघडायला फावडं लागेल.”

मग त्याने समजावून सांगितलं. तिकडे ऑक्टोबर ही सुरुवात नव्हे, तो निरोप असतो. पानं लाल होतात ती गळण्यासाठी. लोक सगळे बाहेर धावतात ते हे शेवटचे बरे दिवस म्हणून. होड्या पाण्याबाहेर काढतात, तळ्याकाठची लाकडी घरं बंद करतात, नळातलं पाणी काढून टाकतात. त्यानंतर पोरं आपापल्या टोळक्यांत घरात शिरतात, आणि ज्याचं टोळकं तोवर जमलं नाही, त्याला हिवाळा फार लांब वाटतो.

आमच्यापैकी कोणालाच हे सुचलं नव्हतं. आखातात राहून ऑक्टोबर म्हणजे दार उघडण्याचा महिना, हे आमच्या हाडात मुरलं होतं.

“म्हणजे... खलास?” टिपणिसांनी विचारलं.

“खलास,” ग्लेन म्हणाला. मग त्यांचा चेहरा बघून घाईने म्हणाला, की एखाद-दुसरा वीकेंड अजून मिळेल.

टिपणिसांनी तंबूची घडीसुद्धा घातली नाही. तो तसाच गोळा करून डिकीत कोंबला आणि आम्ही निघालो. रस्ताभर ते एकच वाक्य म्हणत होते, “मी त्याला थांब म्हणालो.” कोपऱ्यावर गाडी थांबताच ते कार्डफोनकडे धावले. शैलाताई सामान उतरवत होत्या. मी टिपणिसांच्या मागोमाग गेले.

“ओंकार, बाबा बोलतोय. माझं चुकलं. इथली हवा मी तिथे लावली. तिथे आता संपत आलंय सगळं. उद्या मुलं कुठे जातायत का?... मग त्यांच्याकडे जा आणि सांग मी येतोय. विचारू नको, सांग. असाइनमेंट खड्ड्यात गेली!”

जन्मात कोणत्या मराठी बापाने हे वाक्य उच्चारलं असेल असं मला वाटत नाही.

“बूट नाहीत तर नाहीत. ओले होतील, वाळतील... काय?” ते थांबले. बराच वेळ ऐकत राहिले. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. “मलाही भीती वाटते रे. अजून वाटते. तुला काय वाटलं, मला आवडतं हे? वाळू मला सहन होत नाही. तंबूची चेन लावली की छाती धडधडते. दर शुक्रवारी घाबरतच जातो मी. पण संध्याकाळी तुला सांगायला काहीतरी असतं.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी दुसरीकडे बघत उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी शनिवार, म्हणजे आमच्याकडे कामाचा दिवस. टिपणीस ऑफिसातून येताना घरी न जाता कोपऱ्यावरच थांबले. तिकडे तेव्हा सकाळ असणार. मी खाली उतरले तेव्हा ते फोन कानाला लावून उभे होते. त्यांनी नंबर लावला, ऐकलं, ठेवला, पुन्हा लावला.

“काय झालं, भाऊजी? लागत नाहीये का?”

“लागतोय,” ते म्हणाले. “उचलत नाहीये.” आणि त्यांनी रिसीव्हर माझ्यापुढे धरला. “ऐका ना.”

मी ऐकलं. पार जगाच्या दुसऱ्या टोकाला, कुठल्याशा खोलीत फोन वाजत होता आणि उचलायला कोणी नव्हतं.

शैलाताई गॅलरीतून बघत होत्या, त्याही खाली आल्या. टिपणिसांनी रिसीव्हर त्यांच्या कानाशी नेला. त्या ऐकत राहिल्या, एका हाताने पदराचं टोक ओठांवर धरून.

“ठेवू?” टिपणिसांनी विचारलं.

“नको,” शैलाताई म्हणाल्या. “वाजू दे.”