दोन कान, पण एकाच डोक्याचे

यंदा शाळेच्या विज्ञान प्रदर्शनीतून लखनौच्या राज्य स्पर्धेला जाणार तर मीच! हे मी आईला, बाबांना आणि दूधवाल्या भैयांनासुद्धा सांगून ठेवलं होतं.

प्रयोगच तसा होता. इअरफोनच्या डाव्या बाजूला एक सपाट सूर, उजवीकडे त्याहून किंचित चढा. पण मेंदू दोघांची मोट बांधतो आणि डोक्याच्या मधोमध तिसरंच काहीतरी घुमायला लागतं. बाबांना ऐकवलं तर ते दचकलेच. "अगं जाई, डोक्यात मांजर गुरगुरतंय!"

परीक्षक दोन होते, सुभाषचंद्रजी आणि अहिल्या मॅडम. डोक्यात काय घुमतं ते सांगून मी इअरफोन पुढे केला.

"पहले आप, मॅडम."

"अरे नहीं जी, आप बड़े हैं."

"बड़े काहे के! आप लीजिए."

मागे आमच्या शहरातल्या इलाइट चौराह्यासारखी गर्दी तुंबली. शेवटी आमच्या कौशिक सरांनी तोडगा काढला. इअरफोनचं एक टोक सुभाषचंद्रजींच्या कानात, दुसरं मॅडमच्या!

"सर, ऐसे नहीं..."

"मेहमानों को टोकते नहीं, बेटा!"

दोघं एका जोखडाला जुंपल्यासारखे, माना जुळवून ऐकत राहिले.

"मेरे में तो बस पूं है."

"मेरे में भी पूं. बेटा, वो गूँजने वाली आवाज़ कहाँ है?"

मी उत्साहाने खरं ते सांगितलं. "आप दोनों का दिमाग एक होता, तो ज़रूर सुनाई देती!"

"यानी अभी आधा-आधा है?" मॅडम म्हणाल्या.

कौशिक सरांना घाम फुटला. त्यांनी शेजारच्या टेबलावरचा रेवतीचा, बुटांच्या खोक्यात बसवलेला स्पीकर ओढला आणि माझ्या मोबाइलला जोडला. घुंऽ घुंऽ घुंऽ! सगळा हॉल घुमला.

"वाह! ये हुई ना बात!" सुभाषचंद्रजी खूश.

इथे शहाण्या मुलीने गप्प बसायचं असतं.

"नहीं सर, ये गलत वाला है! दोनों सुर बाहर ही मिल गए. इसमें दिमाग का कोई काम नहीं."

"पर हमें तो साफ़ सुनाई दिया!"

"वही तो, सर! ये बिना दिमाग के भी हो जाता है!"

संध्याकाळी निकाल लागला. लखनौसाठी रेवतीचा स्पीकर निवडला गेला. 'आवाज़ एकदम साफ़,' असा शेरासुद्धा मिळाला!

खरं तर त्या खोक्यावर गाणं लावलं की आवाज फाटतो. म्हणून तिकडे वाजवायला तिने माझेच सूर मागितले. मी दिले. लखनौला माझं काहीतरी जायला हवंच होतं ना!