पोचलात की फोन करा

"नाना, यंदा कन्याकुमारीला मीही येतो तुमच्याबरोबर," असं मी म्हणालो. जायचं सायकलवरून. ही माझी चूक.

माझ्या बाजूने सांगण्यासारखं एवढंच, की ते वाक्य मी खरं म्हणून बोललो नव्हतो. 'या एकदा जेवायला' असं आपण जिन्यात भेटलेल्या माणसाला म्हणतो. तोही 'येऊ की' म्हणतो आणि मग दोघंही आयुष्यभर आपापल्या घरी जेवतात. त्यात कोणी कोणाला फसवत नाही. पण नाना आहेरांना ही पद्धत कोणी शिकवलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी ते शिंप्याची टेप घेऊन आमच्या दारात उभे.

"भाऊसाहेब, चप्पल काढा आणि भिंतीला टेकून सरळ उभे राहा. पायाची आतून लांबी घ्यायचीय."

"कसली पँट शिवताय यांना?" सुनंदा, म्हणजे माझी बायको, स्वयंपाकघरातून म्हणाली.

"पँट नाही वहिनी, सीटची उंची. हे कन्याकुमारीला येतायत ना माझ्याबरोबर!"

सुनंदाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे पाहिलं, आणि आत जाऊन चहाचं आधण वाढवलं. आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली आहेत.

नाना आमच्या खालच्या मजल्यावर एकटेच राहतात. गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला आमची सोसायटी आहे. नाना मूळचे सटाण्याकडचे. सातपूरच्या कारखान्यात लेथ मशीनवर उभ्याने नोकरी केली, म्हणून निवृत्त झाल्यावर बसून राहणं त्यांना जमत नाही. अंगाने काडी, पण पोटऱ्या अशा की त्या दुसऱ्या कोणाच्या तरी उसन्या आणल्यात असं वाटावं. मूलबाळ नाही. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा त्यांच्या पत्नी मंगलाकाकू हयात नव्हत्या. भिंतीवर त्यांचा फोटो होता आणि फोटोखाली खिळ्याला नानांची सायकलची टोपी.

नानांची एक सवय सगळ्या सोसायटीला पाठ आहे. गेटातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला ते सांगतात, "पोचलात की फोन करा." पुण्याला निघालेल्याला सांगितलं तर समजू शकतो. नाना भाजीला निघालेल्यालाही सांगतात.

"अहो नाना, कोपऱ्यावर मेथी आणायला चाललोय."

"असू द्या. पोचलात की फोन करा."

दूधवाल्याला सांगतात. गॅसची टाकी आणणाऱ्याला सांगतात. मीटरचं रीडिंग घ्यायला आलेला एक नवखा माणूस तर घाबरून ऑफिसात पोचल्यावर खरंच फोन करून मोकळा झाला होता. त्यानंतर नानांनी दोन दिवस ती गोष्ट ज्याला त्याला सांगितली. "बघा, परका माणूस, पण आठवण ठेवली!"

सोसायटीत नानांच्या नावावर आणखी एक म्हणणं चालतं. लिफ्ट बंद पडली आणि कोणी विचारलं, 'कधी चालू होणार?', की उत्तर येतं, 'नाना सिन्नरच्या पुढे गेले की.' कारण असं, की दर हिवाळ्यात नाना कन्याकुमारीला निघतात. गेटवर हार घालतात, बायका ओवाळतात, फोटो निघतात. आणि दुपारी चारच्या चहाला नाना परत. सिन्नरपर्यंत जाऊन. एकदा म्हणे वारा समोरून होता. एकदा टायरचं रबर मनासारखं नव्हतं. एकदा सिन्नरला कोणी भेटला, तो म्हणाला कर्नाटकात हवा चांगली नाही. कर्नाटकाची हवा सिन्नरच्या माणसाला कशी कळली, हे आम्ही विचारलं नाही. नाना स्वतःही त्या थट्टेत हसायचे. मला वाटायचं, माणसाला लागत नसेल.

तरुणपणी मात्र हा माणूस असा अर्ध्यातून परतणारा नव्हता. सापुतारा, भंडारदरा, एकदा थेट गोवा. कारखान्याची सुट्टी सुरू झाली की हा निघाला. तेव्हाचं नाशिकच सायकलींचं होतं. सातपूरचा भोंगा झाला की रस्ताभर नुसत्या सायकली वाहायच्या, हँडलला डबे लटकलेले, डब्यांत चमचे वाजतायत. मी तेव्हा शाळेत होतो आणि तासावर सायकल भाड्याने आणायचो. तास संपला की दुकानातला नोकर घड्याळ दाखवायचा, मी चेहरा पाडायचो, आणि तो म्हणायचा, "एक चक्कर मार अजून, पण घंटी वाजवू नको, शेठ झोपलेत." ते दुकान गेलं, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. पण थंडीच्या सकाळी त्या कोपऱ्यावरून गेलो की मला अजून ऑइलचा वास येतो. सुनंदा म्हणते, तो शेजारच्या वडेवाल्याचा आहे.

तर माझा सराव सुरू झाला.

नानांचा पहिला नियम, वजन. "भाऊसाहेब, वजन सपाटीवर गप्प असतं, चढावर बोलतं." त्यांनी टूथब्रशची दांडी अर्धी कापली होती. शर्टांच्या आतली लेबलं उसवली होती. नकाशाचा पांढरा काठ कात्रीने कापून टाकला होता, त्यात श्रीलंका गेली. "आपल्याला कुठे तिकडे जायचंय?" पण त्याच पिशवीत विटेएवढ्या दोन पॉवर बँका होत्या.

"नाना, ह्या दोन कशाला?"

"फोनची बॅटरी संपायला नको."

"पण एवढे फोन कोणाला करणार तुम्ही?"

"लागतात," नाना म्हणाले आणि पिशवीची चेन लावली.

मी सायकलवाल्यांची ती उशी लावलेली चड्डी आणली आणि उलटी घातली. अर्धा रस्ता मला वाटत होतं, ही वस्तू उगाच महाग विकतात. सोमेश्वरला थांबलो तेव्हा नानांनी एकदा पुढून पाहिलं, एकदा मागून पाहिलं. "भाऊसाहेब, उशी पुढे? पुढून कोण बसतं?"

अंजनेरीच्या उतारावर नाना ओरडून सांगत होते, "मागचा ब्रेक! मागचा!" मी पुढचा दाबला. सायकल जागेवर थांबली, मी नाही थांबलो. रस्त्याच्या कडेला झेंडूचं शेत होतं. उठून बसलो तर समोर एक बाई पाटी घेऊन उभी.

"काय हो भाऊ, देवाला वाह्यची फुलं हायेत ही. तुम्ही कशाला लोळून राह्यले?"

नानांनी तिची माफी मागितली, मला उभं केलं, आणि मी रिक्षाने घरी निघालो तेव्हा रिक्षात डोकं घालून म्हणाले, "पोचलात की फोन करा." मी केला नाही. मला एका हाताने पाठ धरायची होती आणि दुसऱ्याने केसांतला झेंडू काढायचा होता. संध्याकाळी नाना स्वतःच वर आले. नुसतं दारातून पाहिलं, "पोचलात ना? बठ्ठं ठीक शे ना?" सगळं ठीक आहे ना, हे त्यांच्या अहिराणीत विचारलं आणि खाली गेले. अहिराणी त्यांच्या तोंडी फक्त काळजीच्या वेळी यायची.

शेवटी तो दिवस आला. गेटवर हार, ओवाळणी, हातावर दही. लिफ्टवाल्या विनोदाचे जनक असलेले सेक्रेटरी मला कानात म्हणाले, "चारच्या चहाला भजी सांगून ठेवतो." सुनंदाने माझ्या पिशवीत गुपचूप चिवडा घातला होता, तो नानांनी गुपचूप काढून ठेवला. निघताना ती म्हणाली, "पोचलात की फोन करा हो." आणि मी नेहमीसारखं "हो गं, हो गं" केलं.

शिंदे-पळसेपर्यंत मी मजेत होतो. मग मोहदरीचा घाट आला.

"चढ दिसतो तेवढा नसतो, भाऊसाहेब," नाना पुढून म्हणाले. खरं होतं. दिसत होता त्याच्या दुप्पट होता. कांद्याने भरलेला ट्रॅक्टर मला मागे टाकून गेला. मग रिकामी बैलगाडी गेली. मी उतरलो आणि सायकल ढकलू लागलो. नाना वर जाऊन माझ्यासाठी परत खाली येत, पुन्हा वर जात. घाट मी एकदा चढलो, ते तीनदा चढले.

सिन्नरच्या अलीकडे रस्त्याला लागून एक हॉटेल आहे. पत्रे, बाकडी, मिसळ. मी बाकावर बसलो आणि माझ्या पायांनी पुढच्या प्रवासाचा राजीनामा दिला. हॉटेलवाला नानांना ओळखत होता. न विचारता त्याने चहा आणला. "नाना, आलात का? थंडी पडली म्हणजे तुम्ही येणारच!"

तेवढ्यात माझा फोन वाजला. सुनंदा.

"अहो, कुठे आहात? पोचलात की फोन करायला काय होतं?"

"अगं, करणारच होतो! सारखी काय कटकट?" मी फोन ठेवला आणि नानांना म्हणालो, "बघा. घाट परवडला."

नाना हसले नाहीत. "करायचा होता आधी," म्हणाले.

मग चहाची बशी गोल गोल फिरवत ते बोलायला लागले. पूर्वी दौऱ्यावर असताना गावागावात ते एसटीडीचा पिवळा बोर्ड शोधायचे. घरी फोन नव्हता. शेजाऱ्यांकडे लावायचा, ते मंगलाकाकूंना हाक मारायचे, आणि काकू हातातलं काम टाकून धावत यायच्या. धापा टाकतच विचारायच्या, 'पोचलात?' एवढंच. पुढे फोनचं बिल वाढायला नको म्हणून लगेच ठेवून द्यायच्या.

"गोव्याला समुद्र बघितला, तर मला समुद्राचं काही वाटेना. तिला 'पोचलो' म्हणालो, मग वाटलं की आलो." नानांनी खिशातून मोबाइल काढून बाकावर ठेवला. "दरवर्षी इथवर येतो भाऊसाहेब. पायांना काही होत नाही. चहा घेतो, फोन काढतो. मग वाटतं, आता सांगायचं कोणाला? दूधवाल्याला?"

मला जे जे सुचत होतं ते सगळं 'या एकदा जेवायला' ह्या जातीचं होतं.

नाना उठले. त्यांनी सायकलचं तोंड नाशिककडे वळवलं. "चला, तुम्हाला घरी सोडतो. तुमच्याच्याने पुढे व्हायचं नाही. आणि चारला भजी असतील, सेक्रेटरी दरवर्षी सांगतात."

त्यांना भज्यांचं ठाऊक होतं तर.

"नाना," मी म्हणालो, "संगमनेरला पोचलात की फोन करा."

नाना थांबले. हँडल तसंच धरून माझ्याकडे बघत राहिले.

"जेवणाच्या वेळी आला तर?"

"उचलीन."

"मॅच चालू असली तर?"

हा प्रश्न अवघड होता. "तरी उचलीन."

त्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. मग सायकल उचलून जागच्या जागी दक्षिणेकडे फिरवली. फिरवताना पिशवीतल्या पॉवर बँका एकमेकींवर आपटल्या. मागे न बघता ते गेले. हॉटेलवाला टॉवेल खांद्यावर टाकून रस्त्यात आला. "अरेच्चा, नाना तिकडं कुठं चालले?"

मी कोथिंबिरीच्या छोट्या टेम्पोतून, सायकल मांडीवर घेऊन, चारच्या आत गेटात उतरलो. भजी गरम होती. सेक्रेटरी माझ्या मागे बघत होते. "नाना कुठायत?"

"सिन्नरच्या पुढे," मी म्हणालो. भजी तशीच थंड झाली. बंद पडलेल्या लिफ्टचं काम मात्र पुढच्या आठवड्यात सुरू झालं.

मग फोन सुरू झाले. संगमनेर. नारायणगाव. सातारा. "पोचलो," नाना म्हणायचे, आणि गावाला धर्मशाळा कशी, चहात आलं किती, कुत्री मागे लागतात की नाही, हे सांगायचे. पॉवर बँका कशासाठी होत्या ते मला कळलं. मी मॅच सोडून उचलायचो. हळूहळू सुनंदा फोन माझ्या हातातून घ्यायला लागली. श्रीलंका कापलेला तो नकाशा नाना विसरून गेले होते, तो तिने गॅलरीत चिकटवला, आणि सोसायटीतली माणसं येता-जाता वर बघून विचारायला लागली, "कुठवर?"

एकदा हुबळीच्या पुढे फोन आला नाही. चहा झाला, दिवेलागण झाली. मी गॅलरीत येरझाऱ्या घालायला लागलो. शेवटी मीच लावला, आणि पलीकडे 'हॅलो' ऐकल्याबरोबर ओरडलो, "अहो नाना, कुठे आहात? पोचलात की फोन करायला काय होतं?"

मग नाना म्हणाले, "कधीचाच पोचलोय. म्हटलं बघावं, तुमचा येतो का." आणि जरा थांबून, "रागवा अजून थोडं."

मला रागावता आलं नाही. सुनंदाने फोन घेतला आणि ते काम व्यवस्थित पार पाडलं.

कन्याकुमारीचा फोन सकाळी आला. मागे वारा एवढा, की आधी नुसती घोंघों ऐकू आली. मग, "भाऊसाहेब, पोचलो."

स्पीकरवर होता. जिन्यात माणसं उभी होती. अशा वेळी माणसाने गप्प राहावं, पण तो गुण माझ्यात असता तर ही गोष्टच घडली नसती. मी म्हणालो, "नाना, फार वाटतं हो, मीही असायला हवा होतो तिथे तुमच्याबरोबर."

"तुम्ही असता," नाना वाऱ्यातून ओरडले, "तर मी अजून मोहदरीच्या घाटातच असतो!"